शुद्धलेखनाचे खेळ आणि मराठी लेखनाचा इतिहास

मराठी शाळांतून 'शुद्धलेखन' हा शब्द पूर्वी ज्या अर्थाने रूढ होता, तो आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. रोज घरून दहा ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून आणावयाच्या, वही गुरुजींच्या मेजावर ठेवावयाची, आणि गुरुजींनी खाली लाल शाईची एक तिरपी रेघ ओढावयाची, याला शुद्धलेखन म्हणत. शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते याचा विचार करण्याचे कारण मुलास पडत नसे. पुस्तकातले डोळ्यांनी उचलावे व हाताने वहीत ठेवावे, एवढेच त्याचे काम. आम्ही स्वतः अशा किती वह्या भरल्या याची गणती नाही. आणि तरीही 'परीक्षा' या शब्दातील वेलांटी दुसरी, हे आम्हांस पुष्कळ परीक्षा देऊन झाल्यावर कळले.

अलीकडे शिक्षकांच्या बैठकींतून 'खेळातून शुद्धलेखन' हा विषय वारंवार निघतो, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु बहुधा असे होते की, इंग्रजी शाळांतून चालणारे शब्दांचे खेळ जसेच्या तसे मराठीत आणले जातात. इंग्रजीत उच्चार आणि लेखन यांची फारकत होऊन काही शतके लोटली. म्हणून तेथे मुलाला शब्दाची अक्षरे एकामागून एक पाठ करावी लागतात. मराठी मुलाची अडचण ती नव्हे. त्याची अडचण थोडक्या जागी साठलेली आहे : इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घत्व, अनुस्वार, 'न' आणि 'ण', 'श' आणि 'ष', व काही जोडाक्षरे. याच जागा अडचणीच्या का झाल्या याला इतिहास आहे. तो ठाऊक असल्याखेरीज कोणता खेळ कोठे लावावा हे उमगत नाही, असे आमचे मत होत गेले आहे. ते कसे होत गेले, हे पुढे सांगावयाचे आहे.

छापखान्यापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेची आठवण काढली की छडी आणि अंगठे धरणे एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. ती आठवण खोटी नाही. पण त्या शाळेत अक्षराची पहिली ओळख होई ती धुळीत. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावयाची, तीत बोटाने अथवा काडीने अक्षर काढावयाचे, ते मोठ्याने म्हणावयाचे, आणि पाटी हालविली की अक्षर गेले. 'धुळाक्षरे' हा शब्द याच चालीतून भाषेत राहिला. चुकलेले अक्षर मागे उरत नसे, हा या पाटीचा मोठा गुण होय. वहीतली चूक वर्षभर मुलाकडे बघत राहते. धुळीतली चूक एका फुंकरीचे काम. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोम येथे आपले बालगृह उघडले आणि मुलांच्या बोटांखाली खरखरीत कागदाची अक्षरे दिली, तेव्हा जगाला ती गोष्ट नवी वाटली. अक्षर आधी बोटाने शिकावे ही कल्पना मात्र आमच्या पंतोजीस अगदीच परकी वाटली नसती.

मुळाक्षरांचा प्रारंभ त्या शाळेत 'ओनामासीधं' या घोषाने होई. मूळ शब्द 'ॐ नमः सिद्धम्'. पिढ्यान् पिढ्या मुलांच्या तोंडी घोळून त्याचे हे रूप झाले. म्हणजे अक्षरशिक्षणाचा श्रीगणेशाच मुळी अशुद्ध होता, आणि त्याबद्दल कोणास छडी बसल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट लिपीची. त्या काळी पोथ्या बाळबोधीत आणि व्यवहार मोडीत, अशी वाटणी होती. मोडी ही झरझर लिहिण्याची लिपी. तीत इकार व उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळले जात नसत. एकाच चिन्हावर दोहोंचे भागत असे. कारकुनाने 'तूप' आणि 'तुपाचा' यांतील उकार निरनिराळे लिहिले नाहीत म्हणून जमाखर्चात तुपाचा एक शेरही कमीजास्त झाला नाही. वाचणारा मराठी असे, आणि शब्द कोठे लांबवावा व कोठे आखडावा हे त्याच्या कानास ठाऊक असे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही वस्तूच त्या लेखनात जवळजवळ संभवत नव्हती. आज आमच्या वहीतील निम्म्याहून अधिक लाल खुणा ज्या चुकांपायी होतात, त्या चुका मराठी मनुष्य शतकानुशतके न करता लिहीत होता, याचे कारण त्या करण्याची त्यास सोयच नव्हती.

ही सोय छापखान्याने केली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथून १८०५ साली निघाले. त्यांचाच कोश १८१० साली निघाला तो मोडी टाइपात. छापावयाचे कोणत्या लिपीत, याविषयीच प्रारंभी किती अनिश्चितता होती हे यावरून दिसते. पुढे बाळबोधीचा जय झाला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले. आणि मेजर थॉमस कँडी यांच्या नजरेखालून शाळांची क्रमिक पुस्तके जाऊ लागली. स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे चिन्हे मराठीत रुळविण्याचे श्रेयही पुष्कळसे कँडीसाहेबांकडेच जाते. या सर्वांच्या हाताखाली काम करणारे शास्त्री संस्कृतात मुरलेले. साहजिकच संस्कृतातून आलेला शब्द संस्कृताप्रमाणे लिहावा, हा दंडक ठरला. आणि जो शब्द घरचा मराठी, त्याच्यासाठी निराळा नियम शोधावा लागला. एकाच वाक्यात दोन कायदे चालू लागले ते तेव्हापासून. 'दूध' दुधात विरघळले की उकार ऱ्हस्व. 'दीप' मात्र दीपाला जोडला तरी ईकार दीर्घच. मुलाने हे कोणत्या आधारावर ओळखावे ?

अनुस्वारांची कथा तर याहून लांबलचक. 'नांव', 'गांव', 'पांच' या शब्दांवरील टिंबे उच्चारासाठी नव्हती. 'नाम', 'ग्राम', 'पंच' या पूर्वजांची ती खूण होती. 'तें घर', 'फुलें', 'मिळालें' यांतील टिंबांचीही अशीच जुनी पूर्वपीठिका होती. देशावर तो नाकातला उच्चार केव्हाच मावळला. कोकणात व गोव्याकडे तो अजून कानी पडतो. देशावरच्या मुलास मात्र न ऐकू येणारे टिंब लिहावयाचे असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साने, गोडबोले व हातवळणे यांनी लेखन उच्चाराच्या जवळ आणावे असा आग्रह धरला, त्यावर मोठे वादळ झाले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. त्यानंतरही वाद मिटला नाही. शेजारच्या गुजरातीचा प्रश्न गांधीजींच्या प्रेरणेने गुजरात विद्यापीठाने १९२९ साली जोडणीकोश काढून बराचसा निकालात काढला. आम्हां मराठी मंडळींस भांडणाची हौस अधिक, म्हणून आणखी तेहेतीस वर्षे लागली. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले आणि १९६२ साली त्याचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. उच्चारात नसलेली टिंबे गेली. 'कवि', 'गुरु', 'शक्ति' असे लिहिले जाणारे शब्द 'कवी', 'गुरू', 'शक्ती' झाले; समासात पहिल्या जागी मात्र 'कविराज', 'गुरुकुल', 'शक्तिमान' असे ते ऱ्हस्वच राहिले.

हे सर्व आम्हांस पदवी घेतानाच ठाऊक होते. ठाऊक असणे निराळे आणि कळणे निराळे, याचा एक प्रसंग येथे नमूद करणे भाग आहे.

आमच्या नोकरीचे ते दुसरेच वर्ष. इंदूर शहरात मराठी घरे पुष्कळ; १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्यसंमेलने या शहरात भरली, यावरून येथील मराठीचा पाया वाचकांच्या ध्यानात यावा. तरी आमच्या शाळेत इतर सर्व विषय हिंदीतून, मराठी तेवढी आठवड्यातून थोडे तास. सहावीतील एक मुलगी एके दिवशी साताऱ्यास असलेल्या आपल्या आजीला लिहिलेले पत्र दाखवावयास घेऊन आली. 'तुझें पत्र मिळालें', 'बागेंत फुलें आलीं', 'गुरुजींचे नांव' अशी ती भाषा. आम्ही पेन काढले आणि एकोणीस खुणा केल्या. आमच्या मनात तिला शिकवावे याखेरीज काही नव्हते. तिने पत्राची घडी केली, आणि आमच्या माहितीप्रमाणे ते पत्र टपालात पडले नाही. पुढे आजीला ती फोनवर बोलू लागली. मराठीत लिहिलेले असे आपणहून तिने आम्हांस पुन्हा काहीही दाखविले नाही.

काही महिन्यांनी तिच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा आजीची पत्रे पाहिली. आजी त्या वेळी सत्तरीच्या पुढची, म्हणजे तिचे शिक्षण नव्या नियमांच्या कितीतरी आधीचे. सुरेख वळणाचे अक्षर, आणि प्रत्येक टिंब जागच्या जागी. नातीच्या पत्रातील एकोणिसांपैकी चौदा 'चुका' या आजीच्या लेखणीतून उतरल्या होत्या, आणि १९६२ पूर्वीच्या कोणत्याही परीक्षकाने त्यांना पूर्ण गुण दिले असते. मुलगी अशुद्ध लिहीत नव्हती. ती जुने शुद्ध लिहीत होती. आम्ही तिच्या पत्रावर नव्हे, आजीच्या पत्रावर लाल शाई फिरविली होती.

उरलेल्या पाच खुणांनीही आम्हांस काही शिकविले. त्या सर्व हिंदीकडून आलेल्या. आमच्या मुलांना हिंदीच्या तासाला 'शक्ति' व 'कवि' लिहिले तर गुण मिळतात आणि मराठीच्या तासाला तेच लिहिले तर जातात. हिंदीत 'फूल' अनेकवचनी 'फूलों' झाले तरी ऊकार दीर्घच राहतो; म्हणून मूल मराठीतही 'फूलांचा' लिहिते. हिंदीत 'कि' निराळा व 'की' निराळी. मराठीत उभयान्वयी अव्ययही 'की'च. पुण्याच्या मुलाची चूक अज्ञानाची असेल. ग्वाल्हेर-इंदुराकडच्या मुलाची चूक पुष्कळदा अतिज्ञानाची असते. त्याला दोन भाषा येतात, आणि प्रत्येकीत तो दुसरीपायी मार खातो. यातून तो एक भाषा लिहिणे सोडतो. सोडतो ती कोणती, हे सांगावयास नको.

येथून आम्ही खेळांकडे वळलो. खेळात चूक झाली तर डाव जातो, अब्रू जात नाही, एवढेच प्रारंभी आमच्या मनात होते. पुढे अनुभवाने काही भेद कळत गेले.

पहिला आला तो घरोघरचा भेंड्यांचा खेळ. मुलांना तो आवडला, पाठांतरही वाढले, परंतु वेलांट्यांत तिळमात्र सुधारणा झाली नाही. कारण उघड आहे. भेंड्यांत शेवटचे अक्षर पाहतात, त्याची मात्रा पाहत नाहीत. 'ती'वर संपले तर 'त'वरून म्हटलेले चालते. तेव्हा आम्ही फळ्यावरची साखळी काढली. शेवटचे अक्षर त्याच्या मात्रेसकट उचलावयाचे आणि पुढचा शब्द तेथून लिहावयाचा. नदी, दीपक, कवी, वीट, टपाल. एका गटाने हिंदीच्या सवयीने 'कवि' लिहिले आणि पुढे 'विहीर' जोडली की दुसरा गट ओरडून उठतो. मास्तरास तोंड उघडावे लागत नाही. मराठी शब्दाच्या अंती इकार-उकार दीर्घ, हा महामंडळाचा नियम मुलांनी पाठ न करता अमलात आणला, तो डाव जाऊ नये म्हणून. 'आणि' हा शब्द त्यास अपवाद, हे त्यांनीच एकदा एकमेकांस मोठ्या तावातावाने पटवून दिले. 'ण' आणि 'ळ' यांवरून मराठी शब्द सुरू होत नसल्याने चलाख मुले 'पाणी', 'केळी' अशा शब्दांनी प्रतिपक्षास कोंडीत पकडू लागली. तेव्हा 'णी'बद्दल 'नी' व 'ळी'बद्दल 'ली' चालेल असा तह करावा लागला. या तहापायी 'न' व 'ण' यांचा भेद कानांनी नीट ऐकला गेला, हा अनपेक्षित लाभ.

दुसरा खेळ कानाचा. 'तूप' म्हटले की दोन्ही हात लांब पसरावयाचे; 'तुपात' म्हटले की छातीशी आणावयाचे. मीठ-मिठात, वीट-विटेवर, सून-सुनेला, ऊस-उसाचा. मोडी वाचणाऱ्या कारकुनाच्या कानास जे ठाऊक होते, तेच येथे मुलाच्या हातांतून निघते. मराठीत हा फरक खरोखरच ऐकू येतो, म्हणून हा खेळ चालतो. मग मध्येच 'शरीर-शरीरात', 'गीत-गीताला' असे शब्द टाकावयाचे. हात गोंधळतात आणि हशा पिकतो. या शब्दांना आमच्या मुलांनी 'पाहुणे' असे नाव ठेवले : संस्कृताकडून आलेले, आपले कपडे न बदलणारे. घरचे शब्द कानाने लिहावे, पाहुणे शब्द डोळ्यांनी ओळखून ठेवावे, ही शास्त्र्यांच्या दोन कायद्यांची वाटणी मुलांस एका शब्दात कळली. पाहुण्यांसाठी पुठ्ठ्याचे पत्ते केले; त्यांचा खेळ निराळा, पत्ता पाहून झाकावयाचा व वहीत लिहावयाचा. त्याचे वर्णन लांबवीत नाही.

मात्र कबूल केले पाहिजे की, हाताचा खेळ सर्वांस सारखा साधत नाही. ज्या घरात मराठी बोलणेच थांबले आहे, त्या घरच्या मुलाच्या कानास 'तूप' आणि 'तुपात' यांतील अंतर नीट जाणवत नाही. तेथे कोणताही शुद्धलेखनाचा खेळ पुरा पडत नाही. आधी भाषा ऐकविली पाहिजे. अशी मुले आमच्या वर्गात दरवर्षी वाढत आहेत.

अक्षराचा खेळ हा पोरखेळ आहे, असे म्हणणारे पालक भेटतात. त्यांना आम्ही मोरोपंतांचे (१७२९–१७९४) नाव सांगतो. पंतांनी रामायणे रचली ती निरनिराळे वर्णबंध स्वतःवर घालून घेऊन. त्यांतील 'निरोष्ठ रामायण' ओष्ठ्य वर्ण टाळून लिहिले आहे. ज्यात 'म' यावयाचा नाही, त्यात 'राम' हे नावही यावयाचे नाही. रामाचे नाव न घेता रामकथा सांगावयाची, याहून मोठा अक्षरखेळ कोणता ? आमची मुले प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे टाळून बाजारात जाऊन आल्याची हकीगत सांगतात. 'आम्ही' हा शब्दच वापरता येत नाही म्हटल्यावर पहिल्याच वाक्यास घोटाळा होतो. याने वेलांटी सुधारते असे नाही. परंतु शब्दातील प्रत्येक अक्षराकडे पाहण्याची जी सवय लागते, तिच्यावाचून पुढचे काही साधत नाही.

माँटेसोरी पद्धतीतील सुटी अक्षरे आपल्याकडे आणण्याचे काम ताराबाई मोडक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले; १९२६ सालच्या नूतन बालशिक्षण संघापासून १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ साली कोसबाडास चाललेल्या कार्यापर्यंत ती परंपरा सर्वश्रुत आहे. ही अक्षरे करताना देवनागरीचा एक विशेष ध्यानात ठेवावा. रोमन अक्षरे एका ओळीत बसतात. आपली पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लेखनात त्याच्या आधी. म्हणून आम्ही वेलांट्या निराळ्या कापून ठेवतो. मुलाचा हात तुकडा उचलून डावीकडे नेतो की उजवीकडे, तेवढ्यावरून त्याच्या मनातले कळते, आणि तुकडा सरकविला की चूक पुसली जाते, धुळपाटीसारखी.

एक खेळ मात्र आम्ही बंद केला, आणि तो पुष्कळ शाळांत परीक्षेच्या प्रश्नाचे रूप घेऊन बसला आहे : अशुद्ध शब्द छापावयाचे व ते शुद्ध करावयास सांगावयाचे. जे रूप मुलाने कधी पाहिले नव्हते ते छापून त्याच्या डोळ्यांपुढे धरल्यावर, आठ दिवसांनी दोहोंपैकी छापलेले कोणते आणि सुधारलेले कोणते हे त्यास आठवत नाही. आम्हांसही पुष्कळदा आठवत नाही.

गेली काही वर्षे शनिवारच्या शेवटच्या तासाला एक नवा खेळ चालतो. मुले घरातून जुनी मराठी पत्रे आणतात. तारीख कागदाने झाकावयाची आणि नुसत्या लेखनावरून पत्र १९६२ च्या आधीचे की नंतरचे हे सांगावयाचे. 'येथें', 'कांहीं', 'प्रीति' सापडले की एक गुण; 'मुलांना', 'आपणांस' यांवरचे टिंब जुने समजून मोजले तर एक गुण वजा, कारण ते टिंब अनेकवचनाचे व आदराचे असल्याने नव्या नियमांतही शाबूत आहे. आजीचे अक्षर चुकीचे ठरत नाही, जुने ठरते. आणि मुले ते मोठ्या आदराने भिंगाखाली धरतात.

मागच्या शनिवारी एका मुलाने आपल्या आजोबांच्या बहिणीचे पत्र आणले. पहिल्या पानावर 'तें', 'झालें', 'घरीं'. दुसऱ्या पानावर एकही टिंब नाही, आणि शेवटी पुन्हा 'नांव'. तारीख नव्हतीच, टपालाचा शिक्का पुसट. अर्धा वर्ग म्हणाला आधीचे, अर्धा म्हणाला नंतरचे. एका मुलीने असे मत दिले की, बाई शाळेत शिकवीत असतील, आणि नवे नियम त्यांना नुकतेच कळले असतील. पहिले पान लिहून झाल्यावर त्यांना आठवण झाली. घंटा झाली तरी वाद मिटला नाही. त्या मुलाने घरी जाऊन, बाई शिक्षिका होत्या काय, हे विचारून येण्याचे कबूल केले आहे.